संशोधनाचा निधी मध्येच थांबतो तेव्हा नेमके काय मोडते?

अबोली (धागालेखिका)

संशोधनाच्या निधीविषयी बोलणे निघाले की सारा भर किती रक्कम मिळाली आणि किती कापली गेली यावरच राहतो. मी सोळा वर्षे जैववैद्यकीय प्रयोगशाळांत काम केले आहे. इतक्या वर्षांत माझे मत असे बनले आहे की पैसा कमी असण्यापेक्षा तो मध्येच बंद होणे कितीतरी अधिक घातक असते. थोडक्यात भागवायला शास्त्रज्ञ शिकतात. पण आठ-दहा महिन्यांचा खंड पडला की जे मोडते, ते नंतर दुप्पट पैसा ओतूनही लवकर उभे राहत नाही, आणि त्याची सर्वांत मोठी झळ प्रयोगशाळेतल्या सर्वांत तरुण माणसांना बसते. यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी एक प्रसंग सांगते. मी ज्या प्रयोगशाळेत होते तिचे मुख्य अनुदान संपले आणि पुढचे हाती यायला अकरा महिने लागले. आमचे काम उंदरांवर चालत असे. उंदराचा गर्भकाळ तीन आठवड्यांचा असतो आणि पिल्लू वयात यायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे एका पिढीला अडीच-तीन महिने धरावे लागतात. एखादा जनुकीय बदल शुद्ध वाणात उतरवायचा तर साधारण दहा पिढ्या संकर करत राहावे लागते. त्यात अडीच वर्षे सहज जातात. शिवाय प्रयोग असो वा नसो, प्रत्येक पिंजऱ्याचे रोजचे भाडे प्राणीगृहाला द्यावेच लागते. अनुदान थांबले तेव्हा आमच्याकडे एकशे चाळीस पिंजरे होते आणि हिशेब केल्यावर तीसच ठेवता येतील असे निघाले. तीन वाणांच्या नरांचे शुक्राणू बारीक नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले. उरलेले दोन वाण राखता आले नाहीत. पिंजऱ्यांवरची जन्मतारखा लिहिलेली कार्डे मी त्या संध्याकाळी एकेक करून काढली आणि गठ्ठा बांधून ठेवला. त्या दोन वाणांवर एका विद्यार्थिनीचा चार वर्षांचा प्रबंध उभा होता.

याहून मोठी हानी एका माणसाच्या जाण्याने झाली. आमच्या तंत्रज्ञ बाई उंदराच्या शेपटीच्या शिरेतून इंजेक्शन देत असत. ती शीर जेमतेम सुईइतकी जाड असते. शेपूट कोमट पाण्यात धरून शीर फुगवायची, सुई जवळजवळ आडवी धरायची, आणि द्रव आत जाताना शीर क्षणभर फिकी पडली तरच नेम लागला असे समजायचे. बाईंचा नेम पहिल्याच खेपेला लागत असे. पगाराची शाश्वती नाही म्हटल्यावर त्या नोकरी सोडून गेल्या, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. पुढे अनुदान आले, नवा माणूस आला. पण त्याचा हात बसेपर्यंत वर्ष गेले आणि त्या वर्षातले निम्मे आकडे वापरण्याजोगे नव्हते. कार्यपद्धतीच्या वहीत लिहून ठेवता येत नाही असे हे ज्ञान हातातून हातात जाते, आणि मध्ये माणूस नसला की साखळी तुटते.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडलेले आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे, अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या पाच वर्षांत सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून २७ अब्जांवर गेले. विद्यापीठांनी इमारती उभारल्या, विद्यार्थी घेतले, पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर करारावर काम करणारे संशोधक, घेतले. मग वाढ थांबली. महागाई लक्षात घेतली तर पुढची सुमारे दहा वर्षे निधीचे मोल घटतच गेले, आणि २०१३ मध्ये सरसकट कपात झाली. मंजूर होणाऱ्या प्रस्तावांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते २० टक्क्यांच्या खाली उतरले. भरतीच्या काळात ज्यांना आत घेतले, ते शिकून बाहेर पडले तेव्हा ओहोटी लागलेली होती. २०१४ मध्ये ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर, शर्ली टिल्घमन आणि हॅरॉल्ड वर्मस या चार ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी, निधी सतत वाढतच राहील या गृहीतकावर ही सगळी व्यवस्था बेतलेली आहे आणि ते गृहीतकच चुकीचे आहे, असे जाहीरपणे लिहिले. वर्मस हे स्वतः एनआयएचचे संचालक राहिलेले होते, म्हणून त्या लेखनाला वजन होते.

तरुणांचे काय झाले, ते एका आकड्यावरून कळते. १९८० च्या सुमारास पीएच.डी.धारक संशोधकाला एनआयएचचे पहिले मोठे स्वतंत्र अनुदान सरासरी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळत असे. पुढे ते वय बेचाळिसाच्या पुढे गेले. ज्या वयात माणूस धाडसी प्रश्न घेऊन स्वतःच्या पायांवर उभा राहायला हवा, त्या वयात तो दुसऱ्याच्या अनुदानावरचे काम करत असतो.

पैसा आखडला की प्रस्ताव तपासणारे समीक्षक सावध होतात, हेही मी समितीत बसून पाहिले आहे. दहा प्रस्तावांतून दोनच निवडायचे असले की चर्चा प्रस्तावातले मोल शोधण्याऐवजी उणीव शोधण्याकडे वळते. प्रस्ताव नवा हवा, आणि तो यशस्वी होणार याचा पुरावाही सोबत जोडलेला हवा, अशी अपेक्षा असते. तो पुरावा आधीच्या अनुदानातून उरलेल्या पैशावर जमवायचा असतो. ज्याला आधी अनुदानच मिळालेले नाही त्याने तो कुठून आणावा?

माझ्या मते दोन गोष्टींना अग्रक्रम हवा. अनुदान संपणे आणि पुढचे मिळणे यांमधल्या काळात पगार आणि प्राणी, पेशी, नमुने सांभाळण्यापुरता पैसा संस्थेने आपोआप द्यावा. आणि पहिल्या स्वतंत्र अनुदानासाठी आधीच्या निष्कर्षांची अट काढून टाकावी. आपली मते वाचायला आवडतील.

---

रानवारा

अबोली, पिंजऱ्यांवरच्या कार्डांचा प्रसंग वाचून बराच वेळ पुढे वाचवेना.

या विषयात डग्लस प्रॅशर यांची कहाणी नोंदवायलाच हवी. जेलीफिशला हिरवी चमक देणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्यांनी वेगळे केले आणि १९९२ मध्ये त्याचा क्रम प्रसिद्ध केला. हे प्रथिन इतर सजीवांच्या पेशींत खूण म्हणून वापरता येईल हे त्यांना दिसत होते, पण पुढच्या कामासाठी एनआयएचकडे केलेला अर्ज नामंजूर झाला. त्यांनी त्या जनुकाच्या प्रती मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिल्या आणि स्वतः त्या क्षेत्रातून बाहेर पडले. २००८ मध्ये या प्रथिनासाठी ओसामू शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा प्रॅशर एका मोटारविक्री केंद्रात ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांचा मान राखला, स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमला बोलावले, आणि पुढे त्सिएन यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत कामही दिले. या गोष्टीत वाईट माणूस कोणीच नाही, आणि मला तेच अधिक अस्वस्थ करते. आज पेशींच्या अभ्यासाची जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळा ते प्रथिन किंवा त्याची भावंडे वापरते.

---

साक्षेपी

धागालेखिकेच्या तळमळीविषयी शंका नाही, परंतु दुसरी बाजूही मांडली जावी. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो आणि रुग्णालयांना, लसीकरणाला, औषधांना तोच पुरवायचा असतो. जेलीफिश का चमकते या प्रश्नाला करदात्याने किती वर्षे पोसावे? कर्करोग, क्षयरोग, मधुमेह असे रोग ठरवून त्यांच्यावरच पैसा लावला आणि बाकीचे औषधकंपन्यांवर सोपवले, तर काय बिघडेल? शिवाय प्रत्येक नामंजूर प्रस्तावामागे प्रॅशर दडलेला नसतो. बहुतेक प्रस्ताव साधारणच असतात आणि ते नाकारणे योग्यच असते.

---

अबोली

साक्षेपी, प्रश्न रास्त आहे आणि आपला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. बरेच प्रस्ताव साधारण असतात, माझेही काही तसे होते. अडचण अशी की साधारण कोणता आणि असाधारण कोणता हे त्या वेळी ओळखू येत नाही.

मधुमेहाचेच उदाहरण घेऊ. जॉन एंग हे न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करणारे डॉक्टर. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात त्यांना एक्झेंडिन-४ हे संप्रेरकासारखे द्रव्य सापडले, ते १९९२ मध्ये. आपल्या आतड्यांत तयार होणारे जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच नष्ट होते. सरड्याचे द्रव्य तेच काम करते आणि तासन्‌तास टिकते. त्यावरून घडवलेले एक्झेनाटाइड हे औषध २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आज मधुमेहासाठी आणि वजन घटवण्यासाठी जी औषधे जगभर गाजत आहेत त्यांच्या कुळातले ते पहिले. मधुमेहाचा निधी वाटायला बसलेल्या समितीने सरड्याच्या विषाला किती गुण दिले असते, याचा विचार करून पाहावा.

औषधकंपन्या मोठे काम करतात, पण त्या वाटेवर दहा-पंधरा वर्षे उशिरा येतात. रेणू हाती आला, तो कुठे काम करतो हे समजले, की पुढच्या चाचण्यांचा अवाढव्य खर्च त्या उचलतात. त्याआधीच्या काळात कोणाला नफा दिसत नाही, आणि तो काळ सार्वजनिक पैशावरच निघतो. कॅटालिन कारिको यांची हकीकत आता सर्वांना माहीत आहे. एमआरएनएवरच्या, म्हणजे पुढे कोविडच्या लशींत वापरलेल्या रेणूवरच्या, कामासाठी त्यांचे अर्ज वारंवार नाकारले गेले, १९९५ मध्ये त्यांना पदावरून खाली यावे लागले, २००५ मध्ये ड्रू वाइसमन यांच्यासोबत निर्णायक शोध लागला, आणि नोबेल मिळाले ते २०२३ मध्ये. मधली दहा वर्षे त्या दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत टिकून राहिल्या. तसे टिकून राहणे हीच निवडीची कसोटी ठरली, तर आपल्याला सर्वांत चिवट माणसे मिळतील. सर्वांत कल्पक मिळतीलच असे नाही.

---

मितभाषी

मी पोस्टडॉक आहे, सहावे वर्ष चालू आहे. आतापर्यंत चार करार झाले आणि त्यांतला सर्वांत लांब करार दोन वर्षांचा होता. दोन वर्षांच्या करारात पहिले सहा महिने उपकरण आणि पद्धत शिकण्यात जातात आणि शेवटचे आठ महिने पुढची जागा शोधण्यात. खरे काम मधल्या दहा महिन्यांत करायचे. इतक्या अवधीत ज्याचे उत्तर नक्की मिळेल असाच प्रश्न माणूस निवडतो. माझ्या वहीत तीन प्रश्न असे आहेत की ज्यांना चार-चार वर्षे लागतील. ते मी दरवर्षी नव्या वहीत उतरवून घेते आणि तिथेच ठेवते.

मुलाच्या जन्मासाठी पाच महिने रजा घेतली तेव्हा करार तेवढा वाढवून मिळाला नाही. अनुदानाची मुदत वरून ठरलेली आहे, असे उत्तर आले. मार्गदर्शक चांगले होते. त्यांनी दुसऱ्या खात्यातून तीन महिन्यांची सोय केली, पण ती त्यांची मेहरबानी होती; नियम तसा नव्हता.

सोय होऊ शकते याचीही उदाहरणे आहेत. एनआयएचच्या एका योजनेत पोस्टडॉकला पहिली एक-दोन वर्षे मार्गदर्शकाकडे आणि पुढची तीन वर्षे स्वतःच्या नव्या प्रयोगशाळेत, असे एकच अनुदान मिळते आणि ते त्याच्यासोबत जाते. युरोपीय संशोधन परिषद २००७ पासून नव्या संशोधकांना पाच वर्षांसाठी साधारण पंधरा लाख युरोपर्यंत रक्कम देत आली आहे आणि संशोधकाने संस्था बदलली तर अनुदान बरोबर नेता येते. पैसा माणसाच्या नावावर असला की वरिष्ठांशी बोलताना आवाज बदलतो, हे मी माझ्या मैत्रिणीत पाहिले आहे. अर्थात अशी अनुदाने फार थोड्यांना मिळतात.

---

गणकयंत्र

मी संख्याशास्त्राकडून येतो, म्हणून निवडीच्या पद्धतीविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, अर्ज करण्याचाच खर्च प्रचंड आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या एकाच फेरीसाठी ३,७०० हून अधिक प्रस्ताव आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० मनुष्यवर्षे गेली असा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी काढला आणि मंजूर झाले ते जेमतेम पाचातले एक. नामंजूर प्रस्तावांत गेलेली चारशेहून अधिक वर्षे कोणत्याही अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट, अगदी टाकाऊ प्रस्ताव कोणते हे समीक्षक बऱ्यापैकी ओळखतात; पण चांगल्यांतून उत्तम निवडताना त्यांचे एकमत होत नाही. तेच प्रस्ताव वेगवेगळ्या समीक्षकांना देऊन २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात गुणांचा परस्परांशी जवळजवळ मेळच दिसला नाही. मग मधल्या पट्ट्यात चिठ्ठ्या टाकणे अधिक प्रामाणिक ठरते. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून धाडसी कल्पनांसाठीच्या छोट्या अनुदानांत हे सुरू केले. प्रस्ताव खरोखर वेगळा आहे का आणि करण्याजोगा आहे का, एवढे तपासायचे, अर्जदाराचे नाव झाकायचे, आणि पात्र ठरलेल्यांतून सोडत काढायची. स्वित्झर्लंडमध्ये तुल्यबळ प्रस्तावांसाठी हाच मार्ग घेतात. तरुणांना यात लाभ आहे, कारण नावाचे वजन तिथे चालत नाही.

तिसरी गोष्ट, माणसावर विश्वास ठेवून दीर्घ मुदतीचा पैसा दिला तर काय होते याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतली हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था व्यक्ती निवडते, प्रकल्प निवडत नाही, आणि सुरुवातीच्या अपयशाबद्दल सवलत देते. पिएर अझूले आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की, तशाच तोलाच्या पण एनआयएचच्या ठरावीक अनुदानावर चालणाऱ्या शास्त्रज्ञांशी तुलना करता, या लोकांच्या हातून फार गाजलेले शोधनिबंध अधिक निघाले. साफ पडलेले प्रयत्नही अधिक निघाले. साक्षेपींनी हा दुसरा भाग जरूर लक्षात घ्यावा, कारण पडण्याची मुभा दिल्याखेरीज पहिला भाग हाती लागत नाही.

---

पांथस्थ

एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काढली आहेत. शास्त्रज्ञ मंडळी ज्याला ‘वरखर्च’ म्हणून नाके मुरडतात, त्याविषयी दोन शब्द.

उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर रात्रंदिवस चालतो. तो बंद पडला तर रात्री दोन वाजता कोणाच्या तरी फोनवर इशारा यावा लागतो आणि त्या माणसाने उठून नमुने दुसरीकडे हलवावे लागतात. किरणोत्सारी कचरा, प्राणीगृहाची हवा, नैतिकता समितीची कागदपत्रे, यांतले काहीही एका प्रकल्पाच्या नावे टाकता येत नाही. हा पैसा अप्रत्यक्ष खर्चातून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने असा खर्च प्रकल्पाच्या थेट खर्चाच्या सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक विद्यापीठांचा ठरलेला दर ५० टक्क्यांच्या वर होता. न्यायालयाने ती कपात रोखली, पण निर्णय होईपर्यंत कित्येक ठिकाणी नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश कमी केले गेले. अबोली म्हणतात तो खंड असाही पडतो. पैसा प्रत्यक्षात थांबलेला नसतानाही, थांबेल या भीतीने दारे लावली जातात आणि त्या वर्षीची मुले बाहेर राहतात.

अप्रत्यक्ष खर्चात उधळपट्टी होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. हिशेब उघडा ठेवावा, दर कमी-जास्त करावा, पण तो पाच वर्षे आधी सांगून करावा.

---

साक्षेपी

सरड्याचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. रोग ठरवून पैसा लावण्याविषयीचे माझे मत काहीसे मवाळ झाले आहे, हे मोकळेपणाने सांगतो. तरी मधल्या काळाचा पैसा ‘आपोआप’ द्यावा हे पटत नाही. ज्याचे काम खरोखर थंडावले आहे त्यालाही तो मिळत राहील.

---

अंकुर२३

मी पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. हा धागा वाचून पीएच.डी.ला जावे की नाही असा प्रश्न पडला आहे. प्रयोगशाळा निवडताना काय पाहावे, हे अबोलीताई किंवा मितभाषी यांनी सांगितले तर बरे होईल.

---

अबोली

साक्षेपी, ‘आपोआप’ हा शब्द मी मागे घेते. एका वर्षाची मर्यादा असावी, आणि शेवटच्या समीक्षेत प्रस्ताव अगदी थोडक्यात हुकला असेल तरच पैसा मिळावा. पण निर्णय तीन आठवड्यांत व्हायला हवा, कारण उंदीर आणि तंत्रज्ञ दोघेही त्याहून अधिक थांबू शकत नाहीत.

अंकुर, जावे की नाही हे मी सांगू शकत नाही. मला स्वतःला त्या सोळा वर्षांचा पश्चात्ताप नाही. मात्र जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. चालू अनुदान कोणत्या महिन्यात संपते आणि पुढचा अर्ज कुठे पोहोचला आहे, हे प्रमुखांना सरळ विचारावे. चांगला मार्गदर्शक या प्रश्नाने दुखावत नाही. मागच्या चार-पाच विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि आज ते कुठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच पत्र लिहून विचारावे. आणि तुमचा प्रबंध एकाच प्राणिवाणावर किंवा एकाच उपकरणावर अवलंबून राहणार असेल, तर जोडीला संगणकावर किंवा पेशींवर करता येईल असा एक छोटा प्रश्न पहिल्या वर्षीच मागून घ्यावा. आमच्या त्या विद्यार्थिनीला तो नंतर शोधावा लागला. गोठवलेल्या ऊतींच्या जुन्या नमुन्यांवर तिने नव्याने काम उभे केले, प्रबंध दीड वर्ष उशिरा पूर्ण केला, आणि आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिच्याकडे प्रत्येक वाणाचे नमुने पहिल्याच वर्षी गोठवून दोन वेगळ्या इमारतींत ठेवले जातात.

भेटीला जाल तेव्हा प्रमुखांच्या खोलीत जाण्याआधी तिथल्या तंत्रज्ञांशी अर्धा तास बोला. ते किती वर्षे तिथे आहेत, एवढेच विचारले तरी पुष्कळ कळते.